झोपेतलं हो

पप्पा घरी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, त्याला जमत नाही एवढंच. कागद कारखान्यातून शिफ्ट संपवून येतो, बूट काढतो, बटाटे उकडतो, खातो, झोपतो. "मीठ दे." "दार लाव." झाला दिवसाचा कोटा. मी शाळा सोडली तेव्हासुद्धा "बरं" म्हणाला आणि ताट धुवायला गेला. मी किती तयारी करून ठेवली होती भांडायची.

बसमध्ये मात्र बोलतो.

बस म्हणजे बाहेरगावच्या फुटबॉल मॅचला जाणारी आमची बस. सिक्स्टनची. सिक्स्टन चालवतो, शिव्या देतो आणि स्वतःच्याच जोकवर हसतो. त्या बसच्या हीटरला दोनच गोष्टी येतात, भाजणं आणि गोठवणं. आमच्या गावाहून, होल्मविकहून, कुठेही जायचं म्हणजे आधी तासन् तास जंगल. सगळे पत्ते काढतात, बिअरचे डबे उघडतात, आणि मोठा पूल ओलांडला की पप्पा खिडकीकडे बघत सुरू होतो. त्याच्या काकाच्या गाडीसमोर आलेलं घोड्याएवढं मूस हरीण. ज्युनिअर टीममध्ये असताना त्याने आपल्याच गोलमध्ये मारलेला बॉल. आई गेली त्या वर्षी त्याने भिंतींना तीनदा रंग का लावला. माझ्याकडे न बघता बोलतो. मीही त्याच्याकडे बघत नाही, बघितलं की थांबतो. आईबद्दल मला जे काही माहितीये ते सगळं त्या बसमध्ये कळलंय.

तर जानेवारीत लीगने नवीन टूम काढली. रविवारच्या मॅचेस टीव्हीवाल्यांना हव्या तेव्हा सोमवारी संध्याकाळी हलवायच्या, आणि ते दोन आठवडे आधी सांगितलं तरी चालेल.

"सोमवारी?" सिक्स्टन म्हणाला. पेट्रोल पंपावर तो बसची काच खरवडत होता. "सोमवारी माणसं कामाला जातात. सात टाळकी घेऊन मी जंगलातून फिरू? विकतो बस."

बस विकायची भाषा तो मी लहान असल्यापासून करतो. पण एरवी नंतर हसतो. या वेळी हसला नाही, आणि त्याच्या फोनमध्ये बसचे फोटो होते. समोरून, बाजूने, सीट पुसून आतून. विकायच्या वस्तूचे काढतात तसे.

आमच्या क्लबला मालक नाही, सभासद आहेत. असल्या गोष्टी लीगच्या बैठकीत मतावर ठरतात. तिथे क्लबचा माणूस जाऊन हात वर करतो, पण तो कुणीकडे वर करायचा हे वार्षिक सभा त्याला सांगू शकते. सांगितलं की त्याला ऐकावंच लागतं. मग मी ठराव लिहिला. होल्मविकने सोमवारच्या विरोधात मत द्यावं. चार ओळी. शाळेत चार ओळींना मला आठवडा लागायचा, हा मी स्केट्सच्या काउंटरवर उभ्या उभ्या लिहिला, रागात. मी आइस हॉलमध्ये स्केट्स भाड्याने देते. लोकांचे ओले मोजे हुंगत राहायचं काम आहे, राग आपोआप येतो.

"सभेला येशील ना?" मी पप्पाला विचारलं.

"कशाला?"

"मत द्यायला. तुला मत आहे."

"मत," पप्पा म्हणाला. बुटात खडा सापडल्यासारखं. मग ताट उचलत, "ठरवणारे ठरवतात, इल्वा."

पण आला.

सभा शनिवारी दुपारी, माझ्या जुन्या शाळेच्या जिममध्ये. तीच घामट रबरी चटयांचा वास येणारी जागा. दारात हिरवं कार्ड मिळालं, मत द्यायला. मागच्या टेबलावर कॉफीचे पंपवाले थर्मास आणि दालचिनीचे पाव. दीडशेएक माणसं असतील. सभा चालवायला गुनवोर होती, नगरपालिकेतून रिटायर झालेली, हातात लाकडी हातोडी. गावातल्या सगळ्या सभा तीच चालवते. मधमाश्या पाळणाऱ्यांच्यासुद्धा.

"सभेचं निमंत्रण वेळेवर गेलं होतं का?" गुनवोर.

"हो," सगळा हॉल.

ठक.

"विषयपत्रिका मान्य?"

"हो."

ठक.

असं चालतं आमच्याकडे. कुणाला विरोध असेल, मतं मोजायला हवी असतील, तर हातोडी पडायच्या आत ओरडायचं. पडली की संपलं. पण कुणी ओरडत नाही. ओरडणं बरं दिसत नाही ना.

माझा ठराव शेवटून दुसरा होता. अर्थातच. त्याच्याआधी हिशेब, हिशेबावरचा अहवाल, मग कृत्रिम गवताखालून पाणी कसं जातं त्याची चित्रं. क्लबचा अध्यक्ष क्रिस्टर प्रत्येक चित्रावर थांबत होता. त्याला त्या पाइपांचं फार प्रेम. माझ्या पुढची म्हातारी विणत होती, हिरवा-काळा मोजा. क्लबचे रंग. सभा सुरू झाली तेव्हा तिच्याकडे नुसती कड होती, आता टाच आली होती.

पप्पा रात्रपाळी करून, न झोपताच आलेला. जॅकेट न काढता बसला, ओठाखाली तंबाखूची चिमुकली पुडी ठेवली, आणि हिशेब सुरू होताच मान टाकली. पण मजा अशी की हॉल "हो" म्हणाला की तोही म्हणायचा. डोळे मिटलेले. "हो." जरा उशिरा आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मागची पोरं खिदळायला लागली.

"तुझा बाप झोपेत जेवढं बोलतो ना," सिक्स्टन माझ्या कानात म्हणाला, "तेवढं जागेपणी बोलला असता तर खासदार झाला असता."

"गप बस."

"मी गपच आहे. तो बोलतोय."

मी पप्पाला कोपर मारलं. "हो," तो म्हणाला. त्या वेळी कुणी काही विचारलंही नव्हतं.

खिडक्या काळ्या झाल्या तेव्हा माझा मुद्दा आला. पावांच्या ताटात नुसता चुरा होता आणि लोकं फोनवर रात्रीच्या आइस हॉकीच्या मॅचची वेळ बघत होती.

"कमिटीला इल्वाचा ठराव फार आवडला," क्रिस्टर म्हणाला. "एका तरुण मुलीने इतकी कळकळ दाखवावी..."

माझे कान तापले.

"कमिटीचं या विषयाकडे लक्ष आहे. म्हणून या ठरावाला उत्तर दिलं गेलं आहे, असं सभेने मानावं, अशी आमची सूचना आहे."

ही यांची जुनी युक्ती. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, उत्तर दिलं म्हणायचं. म्हणजे क्रिस्टर लीगच्या बैठकीत जाणार आणि त्याला वाटेल तिकडे हात वर करणार. आणि त्याला कुणीकडे वाटणार ते मला माहीत होतं. पाइपांचे पैसे टीव्हीकडूनच येणार होते.

मी माइककडे गेले. बोलायचं सगळं पाठ केलं होतं, ते तिथे पोचेपर्यंत विसरले.

"सोमवार ज्याने काढला तो कधी बसने गेलाय का?" मी म्हणाले. "कुणाला सुट्टी असते सोमवारी? टीव्हीला रिकामं स्टँड दाखवायचंय का? आम्ही गेलो नाही तर तिथे ओरडणार कोण, क्रिस्टर, तू?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. वाटलं, झालं काम.

मग क्रिस्टर उठला. चिडला असता तर बरं होतं, पण तो चिडत नाही. तो समजावतो. वाटाघाटी काय असतात, हात बांधून गेलं तर काय होतं, टीव्हीचा करार, शेजारच्या देशांत काय चाललंय. एकच आवाज, एकच सूर. मला दिसत होतं, टाळ्या वाजवलेले हात हळूहळू मांडीवर पडत होते. म्हातारीने सुया परत उचलल्या. मी माइक सोडून जागेवर यायला निघाले.

"कमिटीची सूचना मान्य?" गुनवोर म्हणाली.

"हो."

ठक.

मी दोन रांगांच्या मधे होते. तोंड उघडलं होतं, आवाज निघायचा होता. आणि त्या सगळ्या "हो"च्या मागून, जरा उशिरा, सगळ्यात मोठ्याने, पप्पा.

"पुढचा विषय," गुनवोर म्हणाली.

माझं डोकं फिरलं. समोरच्या रिकाम्या खुर्चीला मी लाथ घातली, ती चटईवर जाऊन पडली. "कशाला हो म्हणालात? काय विचारलं ते तरी कळलं का कुणाला?"

"इल्वा, हातोडी पडली," गुनवोर म्हणाली. ओरडली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "नियम आहे. मी नाही बनवला."

"पुढच्या वर्षी परत मांड," क्रिस्टर म्हणाला. "मनापासून सांगतो."

"पुढच्या वर्षी बस नसेल!"

सिक्स्टन आपल्या बुटांकडे बघत होता. मी पप्पासमोर जाऊन उभी राहिले. त्याने डोळे उघडले होते.

"आणि तू," मी म्हणाले. "तू तर झोपेतच विकलीस. चल घरी."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग पडलेल्या खुर्चीकडे. मग स्टेजवर, पडद्यावर माझा ठराव लिहिलेला होता तिकडे, आणि तो त्याने हळूहळू वाचला. ओठ हलत होते. घरी जायला उठेल असं वाटलं मला. उठलाही. पण दाराकडे गेला नाही. हिरवं कार्ड वर धरून उभा राहिला, बसला थांब म्हणायला धरतात तसं.

"कॉनी?" गुनवोर म्हणाली. "तुला बोलायचंय?"

बोलायचं नव्हतंच त्याला. मान लाल झाली होती.

"मी हो म्हणालो," पप्पा म्हणाला. "कशाला म्हणालो ते माहीत नाही. झोपलो होतो. रात्रपाळी होती."

हॉल हसला. पप्पा हसू संपेपर्यंत तसाच उभा.

"आता जागा आहे. मला परत विचार."

मग पुढून आवाज आला, "मलापण विचार. मी टाके मोजत होते." विणणारी म्हातारी.

"मला वाटलं हा कॉफीच्या वर्गणीचा मुद्दा आहे," मागून कुणीतरी.

"मी हॉकीची वेळ बघत होतो," दुसरा. "पण ते इतिवृत्तात लिहू नकोस गुनवोर, बायको वाचते."

गुनवोरने चष्मा काढला, डोळे चोळले, परत घातला. "सभेची तयारी असेल तर झालेला निर्णय परत उघडता येतो," ती म्हणाली. "आहे तयारी?"

क्रिस्टर अर्धा उठला होता, त्याने श्वासही घेतला होता बोलायला.

"हो," हॉल म्हणाला.

ठक.

क्रिस्टर खाली बसला.

कार्डं मोजली, दोनदा. जिंकलो, पाच-सात मतांनी. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, अजून एक विषय बाकी होता आणि मग हॉकी. मी ती खुर्ची उचलून जागेवर ठेवली. एक पाय वाकला होता, तो भिंतीकडे केला.

गाडीत पप्पाने चावी फिरवली.

"थँक्स," मी म्हणाले.

"दार नीट लागलं नाहीये," पप्पा म्हणाला.

मार्चमध्ये क्रिस्टर आपल्या नातवाला घेऊन आइस हॉलवर आला. मी त्याच्यासाठी पुष्कळ वाक्यं साठवून ठेवली होती.

"जसं सांगितलंत तसं केलं," तोच आधी म्हणाला. "विरोधात हात वर केला. आमच्यासारखे बरेच होते, त्यांच्याकडेही सभासदांनी सांगून पाठवलेलं."

"मग?"

"अर्धं-अर्धं. सोमवार राहणार. पण सीझनमध्ये प्रत्येक क्लबला दोनच, आणि दीड महिना आधी सांगायचं." त्याने काउंटरवर कोपरं टेकली. तो रात्रीच्या गाडीने परत आला होता, दाढी वाढलेली. "एवढंसुद्धा सुटत नव्हतं, इल्वा. सकाळी बसलो ते संध्याकाळपर्यंत तेच."

साठवलेल्या वाक्यांपैकी एकही त्याला लागू होईना.

"पोराचा नंबर काय?" मी विचारलं. स्केट्सचा.

सिक्स्टनला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन? दोनचं बघू." फोनमधले बसचे फोटो त्याने काढून टाकले होते. मी विचारल्यावर म्हणाला, जुना फोन आहे, जागा पुरत नाही.

पहिला सोमवार मेमध्ये आला. सकाळी निघालो. बसमध्ये अकरा माणसं, पत्ते खेळायलासुद्धा दोनच गट जमले. पप्पाने शिफ्ट बदलून घेतली होती, म्हणजे आदली रात्र काम करून आला होता. नेहमीसारखा खिडकीजवळ बसला. हीटर भाजायच्या मूडमध्ये होता. मी वाट बघत बसले.

मोठा पूल आला. गेला.

बघितलं तर कपाळ काचेला टेकलेलं, तोंड उघडं. खड्डा आला की डोकं काचेवर आपटत होतं तरी उठत नव्हता. मला जाम राग आला. यासाठी केलं का सगळं? मग त्याचे हात दिसले, कागदाच्या कडांनी कापलेले, मांडीवर उताणे. मी माझी टोपी घडी करून त्याच्या डोक्यामागे सारली.

सिक्स्टनने माइकवरून कॉफीची हाळी दिली. मी दोन कप घेऊन आले.

"पप्पा, कॉफी?"

"हो," पप्पा म्हणाला. डोळे मिटलेलेच.

"कशाला हो म्हणालास?"

"काय माहीत."

आणि परत झोपला. त्याचा कप मी माझ्याच हातात धरून ठेवला, सांडू नये म्हणून. परतीचा रस्ता अजून होता.