आधी हात, मग बाटली

चांगुणाबाईंनी पहिल्या दिवशी नातवाचं नाव सांगायच्या आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, "सोनकांबळे." त्या "बरं, बरं" म्हणाल्या आणि बाळ माझ्या टेबलावर ठेवलं. त्या 'बरं'चा अर्थ मला नांदेडात कुणी समजावून सांगायला नको. पण समोर लेकरू होतं, म्हणून कामाला लागले.

अमरनाथ त्याचं नाव. घर अर्धापूरचं, केळीच्या बागा. बाळ वजनदार; बाळंतपणात खांदा अडकला, ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या आणि उजवा हात लुळा पडला. बोटं हलायची, कोपर वाकायचं नाही. अशा नसा बहुतेक वेळा आपल्या आपण भरून येतात. तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत, हे आम्हा फिजिओथेरपीवाल्यांचं काम. खांदा अलगद वर न्यायचा, कोपर वाकवायचं, तळवा वळवायचा. तीन महिन्यांत कोपर आपणहून वाकलं नाही तर ऑपरेशनचं बघावं लागतं. तिसरा महिना सरत आला होता, आणि त्याची आई सिंधु नुसती झुरत होती.

दर मंगळवारी सासू-सून बाळाला घेऊन यायच्या, तेव्हा त्याच्या हाताला उग्र, आंबूस वास यायचा. काही गावठी लेप असेल, असं मला वाटलं. सिंधुला विचारलं की ती सासूकडं बघून मान खाली घालायची.

त्या मंगळवारी व्यायाम उरकून मी आतून टॉवेल घेऊन आले, तर चांगुणाबाई पिशवीतल्या बाटलीतून फडक्यावर गोमूत्र ओतत होत्या. माझी बोटं जिथं जिथं लागली होती, तिथं तिथं त्या लेकराला पुसत होत्या. खांदा, कोपर, मनगट. खरकटं भांडं पुसावं तसं.

मला गोमूत्राची नाही, त्या बाईची किळस आली. हात बरा करायला माझा हात चालतो, आणि मग माझाच विटाळ धुवायचा! तोंडात आलेली शिवी आता सुटणारच होती.

तेवढ्यात थंड फडकं परत खांद्यावर टेकलं आणि अमरनाथ कळवळला. त्याचा उजवा हात कोपरात वाकला. थरथरत का होईना, मूठ छातीपर्यंत आली. सिंधुनं तोंडावर पदर दाबला.

"बघ, आला का न्हाई गुण!" चांगुणाबाई ओरडल्या. "गोमातेची किरपा हाय ही. आवर गं सिंधे. आता कशाला हितं हेलपाटे घालायचे? घरीच लावू की."

गरज सरो, वैद्य मरो. इथं तर मला वैद्यातही धरलं नव्हतं.

सिंधु माझ्याकडं बघत होती. त्या घरात तिचं काही चालत नव्हतं. कोपर वाकलं तरी खांदा अजून लुळाच होता. आता व्यायाम सुटला तर तो आखडणार, आणि हा पोरगा जन्मभर सदरा घालायला दुसऱ्याचं तोंड बघणार.

मी शिवी गिळली.

"खरंय, आजी," मी म्हणाले. "गुण त्याचाच हाय. पण नुसतं लावून भागत न्हाई. आधी माझा हात फिरला, तरच ते आत मुरतंय."

त्यांनी बाटलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"म्हंजी आधी तुमचा हात, मग बाटली?"

"हाव. आन् घरी सिंधुचा हात, मी फिरवते तसाच, दर लंगोट बदलताना. त्याबिगर बाटली उघडायचीच न्हाई."

"मग येऊ की मंगळवारी," झाकण लावत त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर टेबलावर पडलेले गोमूत्राचे थेंब मीच पुसले. माझ्या बापानं असल्या बाटलीपुढं कधी मान तुकवली नव्हती. मला स्वतःची इतकी किळस आधी कधी आली नव्हती.

पुढच्या मंगळवारी चांगुणाबाई वेळेआधीच हजर. बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"लावा हात, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताबिगर हे मुरत न्हाई."

मी हात लावला.