आधीचा थांबा

"मॉम, तू यात पडू नकोस," असं मुलीने फोनवर सांगितलं, की लेम्पी हार्जू त्यात पडणार हे ठरलेलंच. मिशिगनच्या वरच्या टोकाच्या त्या गावात हे कुणीही सांगितलं असतं. तीसेक वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. बर्फात, धुक्यात, चाळीस पोरांच्या कलकलाटात तिने गाडी कधी रस्त्याखाली जाऊ दिली नाही. तिला 'तू पडू नकोस' म्हणणं म्हणजे हातात किल्ली देण्यासारखंच होतं.

विषय होता हॅगर्टी पॉइंटच्या पार्कमधल्या अडतीस नंबरच्या जागेचा. तळ्याकाठी पाण्यावर वाकलेलं बर्चचं एक झाड, खाली सपाट, घट्ट जमीन. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे हार्जू तिथे तंबू ठोकायचे. लेम्पीचा नवरा वेन होता तेव्हापासूनची ही रीत होती, आणि वेन जाऊन दोन वर्षं झाली तरी ती मोडायचं कुणाच्या मनात नव्हतं. शिवाय वेनची बहीण एल्मा हल्ली वॉकरवर चालायची, आणि वॉकर घेऊन पाण्यापर्यंत जाता येईल अशी त्या पार्कात ती एकच जागा होती.

पण आता जागा ऑनलाइन धरावी लागे. सव्वीस आठवडे आधी, सकाळी आठ वाजता, एकेक दिवस खुला होई. गेल्या वर्षी ग्रँड रॅपिड्समध्ये राहणारी क्रिस्टा, म्हणजे लेम्पीची मुलगी, शनिवारी आठच्या ठोक्याला वेगवान नेट आणि नवऱ्याचा नि आपला असे दोन लॅपटॉप मांडून बसली, आणि बटण दाबते तोवर अडतीस नंबर गेलेला. मिळाली ती संडासांच्या रांगेजवळची जागा. तिथल्या भुसभुशीत वाळूत वॉकरची चाकं रुतली. एल्मा खुर्चीत बसून लोकांची टूथब्रश घेऊन चाललेली मिरवणूक बघत राहिली आणि तिसऱ्या दिवशी 'मला घरी सोडा' म्हणाली.

म्हणून यंदा क्रिस्टाने फर्मान काढलं होतं. अडतीस मिळाली तर ठीक, नाहीतर दक्षिणेत समुद्रावर एक घर भाड्याने घ्यायचं. "सगळ्यांनी यायचं," ती म्हणाली. सगळे येणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं. चुलत भावंडांना रजा नसते, एल्माला इतका प्रवास झेपत नाही. एकदा ती गाठ सुटली की हार्जू फक्त अंत्यविधींना भेटणार, हे लेम्पीला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा तिने ठरवलं, आपणही बसायचं. एकीला दोघी बऱ्या. घोडं पेंड खात होतं ते कॉम्प्युटरपाशी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला तो वेनचा कॉम्प्युटर म्हातारा, नेट यायचं टेलिफोनच्या जुन्या तारेतून. सगळं जग वापरतं तो ब्राउझर उघडायला टाकून कॉफी करावी, निसूचा, म्हणजे वेलची घातलेल्या गोड फिनिश पावाचा, तुकडा कापून लोणी लावून खावा, तरी पडद्यावर चक्र फिरतच असे. पार्कचं पान तर त्याला कधी पुरतं उघडलंच नाही. त्यात एक रंगीत नकाशा होता, झाडं, तळं, छोटे छोटे तंबू काढलेला, आणि तो अर्ध्यावर आला की कॉम्प्युटर मान टाकायचा.

तिने हे गाऱ्हाणं रोलंड बोद्रीच्या कानावर घातलं. रोलंड बस गॅरेजातला जुना मेकॅनिक, आता तिच्यासारखाच निवृत्त. बोलायला पैसे पडतात असं समजणारा. दुसऱ्या दिवशी तो छपरावरचा बर्फ ओढायच्या निमित्ताने आला आणि बूट दारात झटकून खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला.

"हे काय?"

"फिंच. दुसरा ब्राउझर. इथून उतरवायला बसलीस तर वसंत येईल, म्हणून घरून आणला."

"क्रिस्टा म्हणते, कॉम्प्युटरवर भलतंसलतं काही घालू नकोस. सगळे वापरतात तोच बरा."

"सगळे वापरतात त्याचं सगळं ओझं तुझ्या कॉम्प्युटरला ओढावं लागतं," रोलंड म्हणाला. "भरलेली बस चढावर वरच्या गिअरमध्ये घेतेस आणि इंजिनाला शिव्या देतेस."

इंजिनाबद्दल रोलंडशी वाद घालायचा नसतो. फिंच बसला. पडद्यावर एक पिवळा पक्षी आला आणि पहिलाच प्रश्न विचारता झाला: जुन्या ब्राउझरमधलं सगळं सामान इकडे आणू का? लेम्पीने जरा विचार केला. एल्मासाठी एकदा वॉकर शोधला होता, तेव्हापासून तो जुना ब्राउझर तिला रोज जिन्यावर चढवणाऱ्या खुर्च्या, ऐकायची यंत्रं आणि अंत्यविधीचे विमे दाखवत होता. तिने 'नको' दाबलं. नव्या गावात राहायला गेल्यासारखं वाटलं. इथे तिचं वय कुणाला ठाऊक नव्हतं.

अर्थात सामान न आणल्याचा दंड लगेच बसला. पार्कच्या खात्याचा पासवर्ड जुन्याच घरी राहिलेला. वेनच्या पहिल्या कुत्र्याचं नाव, मग दुसऱ्याचं, मग दोन्ही एकत्र, असं करत करत तो सापडला. आणि पान उघडलं. इतकं झटकन, की ती कॉफीच्या भांड्याकडे निघाली होती ती अर्ध्या वाटेवरून परत आली. चित्रं नाहीत, नकाशा नाही. सौनाच्या वाफेतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसासारखं पान, अंगावर काही नाही, पण तरतरीत. नकाशाच्या जागी एक ओळ होती, नकाशा दाखवता येत नाही, यादी पाहायची का? तिने यादी उघडली. खाली जागांचे नंबर, वर तारखा, प्रत्येक चौकोनात 'रिकामी', 'गेली' नाहीतर 'अजून बंद' एवढंच.

"कानामागून आला आणि तिखट झाला," ती पक्ष्याकडे बघून म्हणाली. रोलंडने निसूचे दोन तुकडे खाल्ले आणि गेला.

आता लेम्पीचा एक जुना नेम होता. दर ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आधी, ती आपली बस रिकामी घेऊन पूर्ण फेरी मारायची. प्रत्येक थांब्यावर थांबायचं, दार उघडायचं, मिटायचं, पुढे. लोक हसायचे. पण पहिल्या दिवशी कुठला पूल बंद आहे हे तिला आधीच कळलेलं असे आणि हसणाऱ्यांना नसे. तसंच तिने इथे केलं. क्रिस्टाचा शनिवार अजून लांब होता. ती रोज सकाळी आठच्या आधी फिंच उघडून बसायची, दिवस खुला होताना बघायची, एखाद्या जागेवर बोट नेऊन शेवटच्या बटणाआधी थांबायची आणि परत फिरायची.

दोन-तीन रिकाम्या फेऱ्यांत हात बसला. चौथ्या दिवशी, तो सोमवार होता, तिला काहीतरी खटकलं. चाळीस नंबरच्या ओळीत आठ वाजेपर्यंत 'अजून बंद' होतं. आठ वाजून गेल्यावर त्या ओळीत एकदम दोन आठवडे 'गेली' झाले. शेजारच्या जागांपुढे त्याच तारखा अजून बंद होत्या आणि इथे त्या गेलेल्या. लेम्पीने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कुणीतरी आज खुला झालेला, म्हणजे जुलैतल्या सोमवारचा दिवस धरला होता आणि तिथून पुढे पार्कच्या नियमात बसतील तेवढ्या रात्री लावून टाकल्या होत्या. सव्वीस आठवड्यांचा नियम फक्त पहिल्या दिवसाला होता. पुढच्या रात्री त्याच्या शेपटीला बांधून यायच्या.

ती खुर्चीत मागे टेकली. गेल्या वर्षी क्रिस्टाला कुणी वेगात हरवलंच नव्हतं. तिने बटण दाबलं तेव्हा अडतीस नंबर जाऊन कितीतरी दिवस झाले असणार. दोन लॅपटॉप, वेगवान नेट, आठचा ठोका, सगळं वरातीमागून घोडं. रंगीत नकाशावर शनिवारी फक्त लाल तंबू दिसतो. तो कधीपासून लाल आहे हे दिसत नाही.

आणि हे तर तिला तीस वर्षं माहीत होतं. बसमधली मागची लांब सीट कुणाला मिळते? जोरात पळणाऱ्याला नाही. आधीच्या थांब्यावर चढलेल्याला.

अडतीस नंबरच्या ओळीत आजच्या चौकोनात 'रिकामी' लिहिलेलं होतं. अजून होतं. कुठल्या क्षणी बदलेल याचा नेम नव्हता. ती आत्ता दाबू शकत होती, सोमवारपासून थेट हार्जूंचा आठवडा संपेपर्यंत. फक्त खाली एक नियम होता: पहिल्या रात्री येऊन राहिलं नाही तर जागा रद्द. बाकीचे शनिवारी येणार. म्हणजे सोमवार ते शनिवार तळ्याकाठी कुणीतरी एकट्याने झोपायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण हे वेगळं सांगायला नको.

लेम्पी घाबरली. रस्त्यावर कधी न घाबरलेली बाई त्या पांढऱ्या पानासमोर घाबरली. वेन गेल्यापासून ती तंबूत एकटी एकही रात्र झोपली नव्हती. वेनशिवायचा तो तंबू म्हणजे काय असेल याचा ती विचारही करत नसे. पूर्वी, नेट वगैरे नव्हतं तेव्हा, जो आधी येईल त्याची जागा असायची, आणि वेन दरवर्षी तीन-चार दिवस आधी एकटा पुढे जायचा. दोर बांधायचा, चूल लावायचा, आणि ती पोरांना घेऊन पोचली की विचारायचा, 'एवढा उशीर?' एकट्याला तिथे कसं वाटायचं हे तिने त्याला कधी विचारलं नव्हतं.

तिने बटण दाबलं.

पैसे भरायच्या पानावर फिंच अडला. पिवळी पट्टी आली: तुमचा ब्राउझर ओळखीचा नाही, पान नीट चालेलच असं नाही. क्रिस्टा असती तर तिने तिथेच हात आखडता घेतला असता. पण लेम्पीच्या जुन्या बसच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायम पेटलेला असे, आणि रोलंडने तिला कुठला दिवा ऐकायचा नि कुठला नाही हे शिकवलं होतं. लाल असता तर ती थांबली असती. तिने 'तरीही पुढे जा' दाबलं. पान क्षणभर गप्प राहिलं. मग लिहून आलं: जागा अडतीस, नाव हार्जू.

तिने कुणाला सांगितलं नाही. रोलंडला सांगितलं, पण ते भिंतीला सांगण्यासारखं होतं. क्रिस्टाला मुद्दामच नाही. 'तू यात पडू नकोस'चा हिशेब अजून व्हायचा होता.

शनिवारी आठ वाजून गेले आणि फोन वाजला. क्रिस्टाचा आवाज रडवेला होता. यंदा तीन लॅपटॉप लावले होते, म्हणाली. आठला पान उघडलं तर अडतीस लाल. मग तिने पार्कच्या ऑफिसला फोन करून तिथल्या बाईशी भांडणच केलं, तेव्हा बाईने एवढंच सांगितलं की ती जागा सोमवारीच गेली आहे, पूर्ण पंधरवड्यासाठी. क्रिस्टा बोलत राहिली. असा नियम असतो का, ही काय पद्धत झाली, आता समुद्रावरचं घरच घ्यायचं, एल्मा आत्याला काय सांगायचं. लेम्पीने तोवर कॉफी ओतून घेतली.

"सोमवारपासून, मॉम. आठवडाभर आधीपासून जाऊन बसतात. कसली माणसं असतात ही?"

"हार्जू नावाची," लेम्पी म्हणाली.

पलीकडे एक लॅपटॉप धाडकन मिटल्याचा आवाज आला.

"तू?"

"मी. त्या भलत्यासलत्यावरून."

क्रिस्टा हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. नियम तिलाही पाठ होता.

"म्हणजे सोमवार ते शनिवार तू तिथे एकटी? मॉम, तुला जमेल?"

लेम्पीने खिडकीबाहेर पाहिलं. गॅरेजच्या दारापर्यंत बर्फ चढला होता, आणि त्या दारामागे, वरच्या फळीवर, वेनने शेवटचा गुंडाळून ठेवलेला तंबू होता. तो काढून, झटकून, अंगणात एकदा उभा करून बघावा लागेल. मे महिन्यात, बर्फ गेला की लगेच. रिकामी फेरी.

"जमेल," ती म्हणाली. "तुझा बाप जायचाच की. तू फक्त शनिवारी उशीर करू नकोस, मी विचारणार आहे."