उत्तरेला डोकं

मी संगमरवर बोलतोय. ग्रॅनाइट नव्हे, टाइल तर नव्हेच नव्हे! अस्सल मकराण्याच्या खाणीतला, खानदानी दगड. आमच्या भावकीतले कोणी देव झाले, कोणी मोठ्या हॉटेलांचे जिने झाले. माझ्या नशिबी आलं जालना. मस्तगडातल्या एका दगडवाल्याच्या दुकानामागे मी येऊन पडलो. गिऱ्हाईक यायचं, टकटक वाजवायचं, नाक मुरडायचं आणि निघून जायचं. अरे, कलिंगड आहे का मी?

मग एक दिवस आकांक्षा आली. वडीगोद्रीच्या रखमाजींची नात, मूर्तिकला शिकलेली पोर. तिची आजी उषाबाई नुकतीच गेली होती. शेतात समाधी बांधायची, वर पुतळा बसवायचा, असं घरात ठरलं होतं. आता इकडचा समाधीवरचा पुतळा कसा असतो, ठाऊकच आहे तुम्हाला. छातीपर्यंत, ताठ, डोळे वटारलेले. आधार कार्डाचा फोटो काढायला बसवल्यासारखा.

आकांक्षाच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. कॉलेजात तिनं एका पुस्तकात इटलीतली पाचशे वर्षांपूर्वीची थडगी पाहिली होती. तिथले सरदार आणि राण्या आपल्याच थडग्यावर संगमरवरात शांत झोपलेले, डोक्याखाली दबलेली उशी, पायाशी कुत्रं. तिनंही मला आडवं घेतलं आणि छिन्नी लावली. दुखलं? दुखलं तर! पण गुदगुल्याही झाल्या, खोटं कशाला बोलू? उशीला खळगा पडला, लुगड्याला चुण्या आल्या. पायाशी कुत्र्याऐवजी करडू आलं, कारण उषाबाईंच्या मागं दिवसभर एक करडू फिरायचं. असा मी, एवढा ताठ्याचा दगड, कुशीवर निजलेली म्हातारी झालो. आणि सांगतो, मला ते फार आवडलं.

वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी टेम्पोतून मला शेतात आणलं. रखमाजींनी कापड काढलं आणि भडकलेच.

"हे काय करून ठेवलं पोरी? दिवसाढवळ्या ती कधी आडवी झाली न्हाई! लोक म्हणतील, रखमाजीची बायको आळशी व्हती."

"आबा, ऐका तर..."

"बिलकुल न्हाई. जल्दी परत न्या."

रखमाजींच्या बहिणीनं, कांताबाईनं, मला बघून हंबरडाच फोडला. पण करडाकडं लक्ष गेलं तशी मध्येच थांबून तिनं विचारलं, "अन् ह्याला काय झाल्तं?"

आकांक्षाचे वडील कल्याण यांनी दगडवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "आणा परत. कापला की बराबर किचनचा ओटा होतो."

ओटा! माझ्या पोटावर कांदे चिरणार! माझी पाचावर धारण बसली. आकांक्षा बिचारी विहिरीकडं तोंड करून रडत होती. मलाही रडावंसं वाटलं, पण आमच्यात ती सोय नाही.

टेम्पोवाल्याला आधी दुसरी एक खेप टाकायची होती. तोवर मला ठेवायचं कुठं? म्हणून पुंजाराम गवंड्यानं साखळी-कप्पीनं उचलून मला नव्या चौथऱ्यावरच टेकवलं. रखमाजी लिंबाखाली रुसून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि धावतच आले.

"अरे पुंजाराम, डोकं उत्तरेला केलं व्हय?"

"आबा, गेलेल्या माणसाचं उत्तरेलाच करत्यात की."

"गेलेल्याचं करत्यात रे. पण ही तर..."

ते खाली वाकून माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग माझ्या कपाळावर त्यांनी हात ठेवला. खरखरीत, गरम हात होता.

"झोपलेल्या माणसाचं डोकं उत्तरेला करत न्हाईत," ते हळूच म्हणाले. "पूर्वेला कर."

"चौथरा उत्तर-दक्षिण बांधलाय, आबा. फोडावा लागंल."

"फोड मंग."

आकांक्षा जवळ आली. तिच्या डोक्यावरून हात फिरवत रखमाजी म्हणाले, "कल्याणच्या मायला उभ्या जन्मात मी एकदा बी म्हणलो न्हाई पोरी, की जरा पड म्हणून." आणि एवढा रांगडा माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

चौथरा फोडला, नवा बांधला. आता माझं डोकं पूर्वेला आहे. हार येतात, फुलं येतात, करडापुढं कोणीतरी रोज मूठभर पाला टाकतं. वडीगोद्रीकडं आलात तर तुम्हीही या. नारळ मात्र माझ्या अंगावर फोडू नका, एवढी विनंती.

रखमाजी रोज येतात आणि लिंबाच्या सावलीत बसून राहतात. काल भरदुपारी कल्याण हॉर्न वाजवत ट्रॅक्टर घेऊन बांधावर आले, तर म्हातारा काठी उगारून धावला.

"बंद कर ते! तुझी माय आत्ताच कुठं पडलीय!"