म्योंगचं नाव उसवताना

बेसबॉलचा सामना एका रनाने हरलो. चार-तीन. शेवटच्या इनिंगला दोघं बाद, तिन्ही बेसवर आपली माणसं उभी, आणि बॅट घेऊन आला म्योंग जे-ग्यु. शेवटचा चेंडू गुडघ्याशी आला आणि याची बॅट खांद्यावरून हललीच नाही. चेंडू सोडला म्हणून तोही बाद, खेळ खलास.

माझं दुकान स्टेडियमच्या गेटसमोर आहे. कापडाची अक्षरं कापून लोकांच्या जर्सीवर खेळाडूंची नावं शिवून देते. सामना संपून वाटीभर सूप पिण्याइतका वेळ झाला नसेल, दारात ही रांग. सगळ्यांचं मागणं एकच, म्योंगचं नाव उसवा.

"मावशी, माझं आधी घ्या," सोक-चुल म्हणाला. हा टॅक्सी चालवतो. एप्रिलमध्ये याच पठ्ठ्याने मला बजावलं होतं, टाका दुहेरी घाला, हा गडी वर्षानुवर्षं खेळणार आहे.

"दुहेरी टाका आहे, वेळ लागेल. तोवर विचार कर जरा."

"विचार कसला? महिनाभर त्याच्या बॅटला चेंडू लागलेला नाही. उद्या खालच्या संघात धाडणार म्हणतात. धाडा, तिथे निदान भात वाढायला कामी येईल."

रांग हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मॅनेजरने चेंडू टाकायला सुजलेल्या कोपराचा पिचर उतरवला, त्याने पहिल्याच इनिंगला चार रन देऊन टाकले, त्याचं कुणाला काही नाही. म्योंगला आज चौथ्या नंबरवर खेळवतात, उद्या आठव्या, परवा बाकावर बसवतात, मग तो चाचपडणार नाही तर काय करणार? पण मी तरी कोण मोठी लागून गेले, माझा धंदाच हा. घेतली कात्री आणि लागले उसवायला. अक्षरं टोपलीत टाकत होते, निम्मी जमिनीवर पडत होती.

तेवढ्यात सोक-चुलच्या मागे एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगाला वाळत्या समुद्री शेवाळाचा वास. मी लगेच ओळखलं. हा म्योंगचा बाप, बेटावरून बोटीने येतो. मुलाची निवड झाली तेव्हा माझ्याकडून नाव शिवून घेतलं होतं आणि एकेका अक्षरावरून हात फिरवत बसला होता. मी तोंड उघडणार, तर त्याने हळूच मान हलवली. नको.

"काय काका, तुम्हीसुद्धा?" सोक-चुल मागे वळून म्हणाला. "बरं करताय. असला दगड कशाला पाठीवर वागवायचा."

"हो," म्हातारा म्हणाला. "सध्या खालचा चेंडू त्याला कळत नाही. लहान होता तेव्हाही मधूनच असं व्हायचं."

"लहान होता तेव्हा?"

म्हातारा पुढे येऊन माझ्यासमोर वाकला. "बाई, ही अक्षरं टाकूनच देणार असाल तर मी नेऊ का? आमचं आडनाव आहे. लोकांच्या पायाखाली येतंय."

आणि तो उकिडवा बसून वेचायला लागला. एक अक्षर सोक-चुलच्या बुटाखाली होतं. म्हाताऱ्याने पाय बाजूला घ्या म्हटलं नाही, नुसता तिथे हात धरून थांबला. सोक-चुलने पाय उचलला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मागची रांग एकेक करून पातळ झाली, कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

"मावशी," सोक-चुल खालच्या आवाजात म्हणाला, "माझं परत शिवून द्या."

"मी नाही शिवणार. मघापासून तुमची बडबड ऐकायची आणि वर तुमचे टाकेही मीच घालायचे? ही सुई, हा दोरा. बस त्या स्टुलावर. आणि टाका दुहेरी घाल."

तो बसला. सुईत दोरा ओवता ओवता दोनदा बोट टोचून घेतलं. म्हातारा उठला, मूठ उघडून त्यातलं एक अक्षर निवडलं, मांडीवर पुसलं आणि सोक-चुलच्या जर्सीवर ठेवलं.

"हे डावीकडे," तो म्हणाला. "आडनाव आधी लागतं."