गाडीची लांबी

कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलेल्या आकड्याच्या चौथाईत युनूसभाई आख्खी गाडी रंगवून देतो म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. बारा वर्षांची जुनी का असेना, परदेशी गाडी आहे. बॉनेटवरचा रंग तेवढा सोलवटलाय. एवढ्या स्वस्तात हा काय चुना फासणार?

"परवडतं कसं तुला?" देहूरोडच्या त्याच्या शेडमध्ये मी विचारलं.

"ह्या रंगाचा डबा उरलाय माझ्याकडं, भाऊ."

आमच्या आंबीपासून लोणावळ्यापर्यंत असल्या रंगाची दुसरी गाडी मी पाहिली नव्हती. माझं डोकंच फिरलं. "उरला कुटनं? कुणाचा चोरलाय?"

तो चिडला नाही. त्यानं खिशातून लोहचुंबक काढून पुढच्या दाराला लावलं, ते चिकटलं. मागच्या दाराला लावलं, तर टपकन खाली पडलं.

"हे दार पार चेपलं होतं. बोटभर लांबी भरलीय यात. मीच भरली, दसऱ्याला. डबा तेव्हाचाच."

लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी, हे मला तिथं कळलं.

"आता बोला, रंग मारू का?"

गाडी मला विकली माझ्या सख्ख्या मेहुण्यानं, अमृतनं. तुंगार्लीतल्या ज्या बंगल्याची तो देखभाल करतो, त्याच्या मालकाची गाडी. दिवाळीत दारात आणून हसत हसत म्हणाला होता, "दाजी, लांबी बघा की गाडीची!"

आणि मी टेप आणून मोजली होती.