पांढऱ्यावर पांढरं

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात तिला सगळे घार म्हणत. पलीकडच्या टेबलावर कुणी वेलांटी चुकवली तरी हिला आपल्या खुर्चीतून दिसे, आणि दिसलं की बोलून दाखवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तेव्हा हे नाव निव्वळ कौतुकाने पडलं होतं, असं काही म्हणता येणार नाही.

गेले काही दिवस घारीचं तिच्या संगणकाशी वाजलं होतं. पडदा फार पांढरा आहे, डोळ्यांत खुपतो, अशी तिची तक्रार. शेवटी आदल्या दिवशी घरी निघताना तिने सेटिंगमध्ये शिरून काळी थीम लावून टाकली. खिडक्यांच्या चौकटी, मेनू, बटणं, सगळं काळं झालं. संगणक बंद करून ती समाधानाने घरी गेली.

सकाळी तिने कॉल नोंदवायचं पान उघडलं. बाकी सगळं काळं, पण हे पान हट्टी, पांढरंच राहिलं होतं. त्याला दोन शब्द सुनावायच्या आतच फोन वाजला. एक बाई सांगत होती, सासरे जिन्यावरून पडलेत, शुद्धीवर आहेत, पण पाय हलवता येत नाही. घार ऐकता ऐकता पत्ता टाइप करत गेली. पानावर 'रस्ता' हा शब्द दिसत होता, 'घर क्रमांक' दिसत होतं, त्यांच्यापुढचे चौकोन दिसत होते, चौकोनांच्या कडाही दिसत होत्या. चौकोनांच्या आत मात्र काहीच नव्हतं. रस्त्याचं नाव बोटांच्या सवयीचं होतं, ते गेलं असेल असं तिने मानलं. आकड्याची खात्री वाटेना म्हणून तिने सतरा पुन्हा एकदा दाबलं. तरी चौकोन कोराच. तिने नोंद पुढे पाठवून दिली.

मग तिने डावा डोळा झाकून पाहिलं, उजवा झाकून पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, त्याचा सेकंद काटाही. पण आईलाही घड्याळ दिसायचं.

आईचं असंच सुरू झालं होतं, आणि जवळपास याच वयात. तिच्या नजरेने कडेचं सोडलं नाही, मधलं सोडलं. ताटाची कड दिसे, ताटातला घास दिसत नसे. दाराची चौकट दिसे, चौकटीत उभी असलेली लेक दिसत नसे. पुढे पुढे कडाही गेल्या. हे रक्तातून येतं, मुलांनी लक्ष ठेवावं, असं डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते. घारीने इतकं लक्ष ठेवलं की त्या विषयाकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही.

"घार," वायरलेसवर ड्रायव्हर खरखरला, "सतराशे सतरा नंबरचं घर मी कुठून पैदा करू? इथे गल्लीच साठाला संपते."

नंबर कानात होता म्हणून निभावलं. "सतरा. नुसतं सतरा," ती म्हणाली. गाडी पुढच्याच वळणावर होती, म्हातारबुवा सुखरूप उचलले गेले. पण पाळीप्रमुख बाईंनी आपल्या टेबलावरून मान वर केली होती.

"काय झालं गं?"

"कीबोर्ड अडकतोय, मॅडम."

"मग बदलून घे. असं उद्या झालं तर कुणाचा तरी जीव जाईल."

ज्याला पडद्यावरचं दिसत नाही त्याला या खोलीत खुर्ची नाही, हा नियम घारीला ठाऊक होता, आणि तो बरोबरच होता. तिने खुर्ची शेजारणीला दिली नाही, कारण द्यायची तर सांगावं लागलं असतं. त्याऐवजी ती प्रत्येक आकडा आधी कागदावर लिहून, एकेक कळ दाबून, मोठ्याने म्हणत भरू लागली. भीतीने तिला इतकं शिस्तीचं केलं होतं. पडद्याकडे मात्र तिने शक्यतो बघणंच टाळलं.

दुपारी किडा आला. संगणक दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे किडा म्हणत, आणि तो ते बढती मिळाल्यासारखं ऐकून घेई. त्याने कळा दाबून पाहिल्या.

"कीबोर्ड ठणठणीत आहे, ताई. काहीतरी लिहा बघू."

तिने लिहिलं. चौकोन कोरा.

"दिसतंय?" त्याने विचारलं.

नेमका हाच प्रश्न तिला नको होता. "दिसतंय की," ती म्हणाली.

"कमाल आहे," किडा पडद्याला नाक लावत म्हणाला. "मला तर काही दिसत नाही."

घार त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने माउस धरून चौकोनावरून ओढला, तशी निळ्या पट्ट्यात तिचीच अक्षरं उमटली. सगळी होती, एकही गळलं नव्हतं.

"पान बनवणाऱ्याचा आळस," किडा खुशीत आला. "चौकोन पांढरा ठेवा, एवढं त्याने सांगितलं. अक्षरं कोणत्या रंगाची, ते सांगितलंच नाही. मग ब्राउझर अक्षरांचा रंग तुमच्या थीमकडून उसना घेतो. थीम काळी, म्हणजे अक्षरं पांढरी. पांढऱ्यावर पांढरं, कुणाच्या बापाला दिसणार?"

घारीचा जीव भांड्यात पडला. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. पाळीप्रमुखांना तिने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तोवर किड्याने थीम पूर्ववत केली आणि पडदा भक्कन उजळला. परत येऊन बसताना घारीने डोळ्यांवर हात धरला.

"पण ताई, काळी थीम लावायचं कुठून सुचलं? इतकी वर्षं पांढऱ्यावरच काम केलंत."

"उजेड खुपतो रे हल्ली," ती म्हणाली, आणि आपणच काय बोललो ते तिला ऐकू आलं. मधलं जायच्या आधी आईला उजेड खुपायला लागला होता. भर दुपारी ती पडदे ओढून बसायची, आणि दोघी लेकी तिला चिडवायच्या.

संध्याकाळी घरी आल्यावर घार आईच्या पलंगावर टेकली. आई चाचपडत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, एक विचारू?"

"विचार की. सकाळी तू खिडकीचा पडदा ओढतेस, त्याच्या कड्या वाजतात," आई म्हणाली. "महिना झाला असेल. कधी बोलतेस, याचीच वाट बघत होते मी."

घारीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती घाबरली होती, लहानपणी अंधाराला घाबरायची तशीच.

आईने अर्धवट घडी बाजूला ठेवली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. "उद्या रजा टाक. डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर," ती म्हणाली. "रस्ता मला पाठ आहे."