सरोजबाईंचे विराम

(सावकाश. वाजवणाऱ्याला घाई असली तरी.)

अच्युतला पियानोवर एकच रचना वाजवता येत असे, आणि ती आपल्याला येते असं त्याला वाटायचं, कारण ती कशी वाजायला हवी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पन्नाशी उलटल्यावर माणसं ट्रेकला जातात, नाहीतर गच्चीवर मिरच्या लावतात. अच्युतने पियानो घेतला. चंदीगडच्या सेक्टर आठमधली एक कोठी, म्हणजे बंगला, विकायला निघाली होती. तिथल्या कर्नलसाहेबांच्या पत्नी सरोजबाई वारल्या आणि त्यांचा उभा पियानो टेम्पोत चढून सेक्टर तीसच्या सरकारी क्वार्टरमध्ये आला. सोफा गॅलरीत गेला. नेत्रा, म्हणजे अच्युतची बायको, एवढंच म्हणाली, "सोफ्यावर बसता यायचं."

मग दिल्लीहून ट्यूनर आला. दोन दिवस त्याने पियानोच्या पोटात डोकं घातलं होतं. "अंदर तो पूरा जंगल था जी," म्हणाला, आणि अडकलेली, सुजलेली, मुकी झालेली प्रत्येक पट्टी बोलती करून गेला.

अच्युत सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासायचा. अमुक थर्मामीटर साठ अंशांना साडेसाठ दाखवतो, तेव्हा अर्धा वजा करा. तमुक दाबमापक पावसाळ्यात मागे राहतो, तेव्हा थोडं थांबून वाचा. असे तक्ते करण्यात त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. दुसऱ्यांच्या यंत्रांच्या खोडी लिहून लिहून त्याला वाटू लागलं होतं की आपल्यातही काहीतरी वाजणारं असणार, फक्त आजवर कुणी झाकण उघडलेलं नाही.

(गोडवा वाढवत न्यावा. पुरावा मागितल्यास सूर बदलावा.)

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच्याकडे ट्रायसिटीतली, म्हणजे चंदीगड, मोहाली आणि पंचकुल्यातली, पंधरा-वीस मराठी माणसं जमायची. एअर फोर्सची दोन कुटुंबं, विद्यापीठातले काही, नेत्राच्या इस्पितळातले काही. स्पीकरवर पाश्चात्त्य संगीत ऐकायचं, आधी अच्युतने संगीतकाराची गोष्ट सांगायची, नंतर खायचं. संगीत थोडं कमी झालं तरी चालायचं.

मोझार्टला सालिएरीने विष दिलं. बीथोव्हनने बहिरेपणात जमिनीतून कंपनं कळावीत म्हणून पियानोचे पाय कापून टाकले. यातलं खोटं कुठलं हे अच्युतला पक्कं माहीत होतं. पण गोष्ट सांगताना 'असं म्हणतात' हे दोन शब्द तो इतके हळू उच्चारायचा की ते फक्त त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला ऐकू जावेत.

नेत्रा पॅथॉलॉजिस्ट. ती मागे बसून भजी वाढताना म्हणायची, "अच्युत, तुझे सगळे संगीतकार निदानाशिवाय मरतात." तिला एकटा फ्रेंच दरबारातला लुली मान्य होता. ताल धरायची काठी त्याने स्वतःच्याच पायावर मारून घेतली आणि गँगरीन झालं. "हे बरं. कारण आहे, मार्ग आहे, मृत्यू आहे."

(लाल, मग निळं, मग हिरवं. भावना आवरू नयेत.)

पियानोच्या स्टुलाचं झाकण उघडतं हे अच्युतला तिसऱ्या महिन्यात कळलं. आत एक कागद होता. हाताने काढलेल्या रेषा, हाताने काढलेले सूर, वर नाव नाही, तालाचे उभे दांडेही नाहीत. आणि त्यावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी केलेल्या खुणा: एखाद्या सुरावर आकडा, एखाद्यावर फुली, एखाद्यावरून वर उडणारा बाण. एकाच सुराभोवती लाल, निळं, हिरवं, एकावर एक.

फ्रेंच संगीतकार एरिक सातीने तालाचे दांडे गाळले होते आणि वाजवणाऱ्यासाठी सुरांशेजारी चमत्कारिक वाक्यं लिहिली होती, हे अच्युतला माहीत होतं. आणि इथे, सेक्टर आठमध्ये, एका मराठी बाईने तेच रंगांत केलं होतं.

तो कागद घेऊन बसला. आकडा म्हणजे तितकं थांबायचं, हे त्याने ताडलं. बाण म्हणजे वरचं सप्तक. फुली म्हणजे सूर लिहायचा पण वाजवायचा नाही: इथे त्याच्या अंगावर काटा आला. तीनही रंगांचं सगळं एकदम पाळलं की जे निघायचं ते असं की दोन सूर, मोठी शांतता, दूर वर एक सूर, पुन्हा शांतता. मोबाइलवरचं गाणं ओळखणारं अ‍ॅपही गप्प बसलं. अच्युतने हा निर्णायक पुरावा मानला.

शिवाय त्या शांततांमध्ये पुढची पट्टी शोधायला भरपूर वेळ मिळायचा. जगातली ही एकमेव रचना होती जी त्याला झेपत होती. मुलगी चिन्मयी चंदीगडातच जन्मलेली. मराठी समजायची, उत्तर हिंदीत द्यायची. ती दारात उभी राहून म्हणाली, "पापा, आप बजाओगे? सबके सामने?"

"हो."

"प्लीज, सोच लो."

त्याने सोचलं नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारसाठी पत्रिका छापली. 'सरोजबाई: तीन रंगांतलं एक आयुष्य. लाल: एक अपुरी ओढ. निळा: विरह. हिरवा: स्वीकार. वादन: अच्युत.' आतल्या पानावर जीवनचरित्र. ते त्याने एका रविवारी दुपारी जेवण आणि चहा यांच्यामध्ये पुरं केलं होतं.

(स्वीकारण्यापूर्वी पाहुण्यांना पाणी द्यावे.)

सरोजबाईंची मुलगी पंचकुल्यात राहते, हे शोधून त्याने तिला बोलावलं होतं. कार्यक्रम पाचला. शशिकलाताई साडेचारलाच आल्या, एकाहत्तराव्या वर्षी स्वतः गाडी चालवत. चप्पल काढून थेट पियानोपाशी गेल्या, लाकडावरून हात फिरवला आणि डावीकडची एक पट्टी दाबली. पट्टी वाजली, वर आली. त्यांनी पुन्हा दाबली.

"ही वर आली," त्या म्हणाल्या.

"हो. का?"

"ही कधी वर यायची नाही." मग त्यांना स्टँडवरचा कागद दिसला. "अगंबाई, हा अजून आहे? मला वाटलं, रद्दीत गेला."

"रद्दीत कसा जाईल, शशिकलाताई? या खुणा बघा. हे लाल..."

"लाल म्हणजे तेजपूर," शशिकलाताई म्हणाल्या. "निळी झाशी. हिरवी इथली. एका पोस्टिंगला एक पेन्सिल, आईचं सगळंच तसं. लोणच्याच्या बरण्या, सामानाच्या पेट्या, माझ्या स्वेटरची मापं."

अच्युतला पुढचं ऐकू येऊ लागलं होतं, त्या बोलायच्या आधीच.

"तेजपूरला ओल फार. लाकूड फुगायचं. पट्टी दाबली की खालीच बसायची. मग किती मोजलं की वर येते तो आकडा आई लिहून ठेवायची. फुली म्हणजे पट्टी कामातून गेलेली. बाण म्हणजे खालची नाही, वरची घे. झाशीला सुकून दुसऱ्याच बिघडायच्या. तिथे ट्यूनर कुठून आणायचा? बाबांच्या युनिटमधल्या गाड्यांच्या मेकॅनिकने एकदा बघितला. ग्रीस घातलं त्याने."

(तेच पुन्हा. रंगांशिवाय.)

लाल: ओल. निळा: कोरडी हवा. हिरवा: म्हातारपण, पियानोचं.

यंत्राचं नाव, जागा, हवामान, किती चुकतं, किती थांबून वाचायचं. असे सहा कागद रोज अच्युतच्या टेबलावर यायचे. तो ते खाली सही करून परत पाठवायचा. आयुष्यात एकदाच त्याला असा तक्ता घरी सापडला आणि त्याच्या अंगावर काटा आला.

आणि तीनही गावांच्या खोडी त्याने एकदम वाजवल्या होत्या, त्याही दुरुस्त केलेल्या पियानोवर.

"चाल तरी त्यांची ना?" त्याने विचारलं.

"छे हो. शिकाऊ पुस्तकातला वॉल्ट्झ आहे. पुस्तकाला वाळवी लागली म्हणून उतरवून घेतला." त्यांनी तो गुणगुणला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलीसारखी चाल होती. सहा महिने अच्युत तिच्यावर बसून होता आणि आज ती पहिल्यांदा त्याच्या कानावर पडली.

शशिकलाताईंनी चष्मा लावून पत्रिका उचलली. "'एक अपुरी ओढ.' कुणाची?"

"कलेची," अच्युत म्हणाला.

त्यांनी पान उलटलं. "इथे 'कॅन्टोन्मेंटमधल्या एका तरुण डॉक्टरची' असं लिहिलंय."

"ते... जरा..."

"आमच्या वेळचे डॉक्टर म्हणजे मेजर नाईक. तरुण नव्हते. सहा मुलं होती." त्यांनी पत्रिका घडी करून पर्समध्ये ठेवली. "मी आले ते आईचा पियानो ऐकायला. एवढंच सांगते, माझ्यासमोर हे डॉक्टर प्रकरण वाचू नका."

(स्वयंपाकघरात. आवाज दाबून.)

नेत्रा कोथिंबीरवड्या तळत होती. त्याने सांगितलं. ती झारा बाजूला ठेवून कट्ट्याला टेकून हसली.

"शेवटी एकाचं तरी निदान झालं."

"हसू नकोस. डॉक्टर गाळतो. बाकीचं तसंच ठेवतो. विरह कुणाचाही असू शकतो. त्यांनी तेवढं पोटात ठेवलं तर..."

"सांग त्यांना तसं. आईच्या अडकलेल्या पट्ट्यांना एक तासभर विरह म्हणा म्हणावं."

बाहेर बेल वाजली. ग्रुप कॅप्टन इंद्रजित यांचा आवाज आला. ते नेहमी पाच मिनिटं आधी यायचे. अच्युत फ्रिजला टेकला.

"नेत्रा, ते विराम खरे नसतील तर मला पियानो येत नाही."

"येत नाहीच," नेत्रा म्हणाली. "मी रोज ऐकते. भिंत एकच आहे." तिने वड्या उलटल्या. "त्या सरोजबाईंना निदान माहीत होतं, कुठे थांबायचंय आणि का."

(सर्व मिळून. सूर जुळले नाहीत तरी.)

सव्वापाचला अच्युत उठला. समोर अठरा माणसं, पहिल्या रांगेत शशिकलाताई, पर्स मांडीवर. त्याने पत्रिका हातात घेतली आणि खाली ठेवली.

"यातलं जीवनचरित्र मी रचलंय," तो म्हणाला. "सरोजबाईंनी ही चाल रचलेली नाही. डॉक्टर नव्हता. खुणा पियानोच्या बिघाडाच्या आहेत. असे बिघाड ओळखण्याचा मला सरकार पगार देतं, आणि मला ते ओळखता आले नाहीत."

मग त्याने तेजपूर, झाशी आणि ग्रीस सांगितलं. कुणी हसलं नाही, हे त्याला हसण्यापेक्षा जड गेलं. शेवटी इंद्रजितनी हात वर केला, ब्रीफिंगमध्ये करतात तसा.

"अच्युतजी, मग ते मोझार्टचं विष?"

"नाही. तसं काही सिद्ध झालेलं नाही."

"बीथोव्हनच्या पियानोचे पाय?" हे विद्यापीठातल्या कश्मिराने विचारलं.

"कापल्याचा पुरावा नाही."

"मी वर्गात सांगितलंय ते. दोन बॅचना."

"साती मेल्यावर त्याच्या खोलीत सापडलेल्या छत्र्या तरी?" नेत्राच्या इस्पितळातली उर्मिला काकुळतीला आली होती. "त्या नका हो काढून घेऊ."

"छत्र्या सापडल्या. पुष्कळ. शंभर, असं म्हणतात." तो थांबला. "असं म्हणतात, हे मी याआधी नीट मोठ्याने म्हणायला हवं होतं."

मग एकेक जण विचारत गेला आणि अच्युत एकेक गोष्ट परत करत गेला. दोन वर्षांचे दुसरे शनिवार अर्ध्या तासात उतरले. लुलीच्या वेळी मागून नेत्रा म्हणाली, "तो खरा आहे, त्याला हात लावू नका," आणि खोली पहिल्यांदा सैल झाली. कुणीतरी वड्यांची चौकशी केली. सुटलो, अच्युतच्या मनात आलं. पत्रिका दुमडून तो स्वयंपाकघराकडे वळला.

"आणि वाजवणं?" शशिकलाताईंनी विचारलं.

"आता काय वाजवणार, ताई? त्यात काही उरलं नाही."

"वॉल्ट्झ उरलाय की. अंधार व्हायच्या आत मला पंचकुल्याला पोचायचंय. वाजवा."

चिन्मयीने डोळे मिटून घेतले.

अच्युत स्टुलावर बसला. कागदावरचे सगळे आकडे आता परक्या गावांचे होते. पियानो धडधाकट होता, प्रत्येक पट्टी वर यायला तयार होती, थांबायला एकही सबब नव्हती. त्याने सुरुवात केली. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन. पहिली ओळ निघाली, म्हाताऱ्या उंटासारखी, पण निघाली. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याचा डावा हात हवेत राहिला. कागदावर तिथे ना लाल होतं, ना निळं, ना हिरवं.

गेल्या आठवड्यापर्यंत या खोलीतल्या सगळ्यांनी ती शांतता मान खाली घालून ऐकली असती. आज अठरा माणसांना कळत होतं की तो पट्टी शोधतोय. इंद्रजित त्याच्या हाताकडे बघत होते. कान तापल्याचं त्याला कळलं.

"ही तेजपूरची नाही," शशिकलाताई म्हणाल्या.

"नाही," अच्युत म्हणाला. "ही माझी." आणि वाकून, डोळे बारीक करून, तो पुढची पट्टी शोधू लागला.